देवाला सायन्सचा दाखला कशाला?

सुरंगी:
गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या ग्रुपवर काल एक पोस्ट पडली. कौलाच्या पाकळ्या (देवाला प्रश्न विचारून मूर्तीला चिकटवतात, उजवी पडते की डावी त्यावरून उत्तर घेतात) क्वांटम ऊर्जेने पडतात, दशावतार म्हणजे डार्विनच्या आधीची उत्क्रांती, म्हणून आपला धर्म 'शंभर टक्के वैज्ञानिक'. खाली ही हात जोडलेल्यांची रांग! मी जन्मभर संस्कृत शिकवलं, रोज पूजा करते, आणि मलाच लाज वाटली.

गीताभाष्यात, अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, शंकराचार्य म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. डोळ्यांचं काम डोळ्यांनी करावं. जिथे डोळे आणि अनुमान पोचत नाहीत तिथे श्रुती. बाराशे वर्षांपूर्वी इतकी स्वच्छ वाटणी झालेली असताना आम्ही देवाला क्वांटमच्या दारात दाखला मागायला उभं करतो. उद्या तिथली मांडणी बदलली की देवही बदलायचा का?

दशावताराची शिडी तर ऋषींची नव्हेच. डार्विनचं पुस्तक १८५९चं, आणि अवतारांची त्याच्याशी सांगड घातली थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी, १८७७ साली. शिवाय परशुराम आणि राम समोरासमोर उभे राहतात. मधल्या मधे उत्क्रांती कोणाची झाली?

कातळ:
बाई, वाटणी छान. देवळात ती पाळतो कोण? लावणीच्या दिवसांत बाबांना ताप भरला. काकांनी कौल लावायला सांगितलं. उजवा पडला, म्हणजे घरीच उतार पडेल. तीन दिवस थांबलो. लेप्टोस्पायरोसिस निघाला. हॉस्पिटलात नेलं तोवर किडन्या गेल्या होत्या. शंकराचार्य तेव्हा भाष्यातच राहिले.

'वेगवेगळी क्षेत्रं' ही अडचणीत आल्यावरची पळवाट आहे. आधी पाऊस, रोग, ग्रहण सगळं देवाचं होतं. विज्ञानाने शेताचा एकेक कुणगा सोडवून घेतला, आणि उरलेल्या बांधाला तुम्ही 'श्रद्धेचं क्षेत्र' म्हणता. आपल्याच कोकणात, विजयदुर्गावर, १८६८च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम शोधला. त्याने ग्रहण पाहिलं ते साहेबाचे ओटे अजून आहेत. त्याला कौल लावावा लागला नाही.

रापण:
बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण लॉकियर १८६८ साली विजयदुर्गात नव्हताच. १८ ऑगस्टच्या ग्रहणात गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि हेलियमची ती पिवळी रेघ पकडली. तो विजयदुर्गात आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला पृथ्वीवरही हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती.

कातळ:
काहीही. शाळेच्या सहलीत सरांनी ओट्यांवर उभं करून सांगितलंय. १८ ऑगस्टला हेलियम दिन उगाच करतात?

सुरंगी:
सरांनी सांगितलं! विश्वासाच्या माणसाचा शब्द हाच पुरावा, यालाच आम्ही आप्तवाक्य म्हणतो हो. स्वागत आहे.

गजाली:
अरे मेल्यांनू, आमच्या विजयदुर्गाचा जगात एवढाच एक नाव, ताव काढून घेतास? ओटे आसत ना थय? मग साहेब येवकच नाय कसो? मुंबयत बसान इतिहास सांगतत. एवढी अक्कल असात तर हायवेक कौल लावा, पुरो कधी होतलो ता इचारा.

रापण:
आला होता हो, तीस वर्षांनी! 'मेल्पोमीनी' युद्धनौकेचे खलाशी हाताशी घेऊन मोठी छावणी टाकली होती त्याने. एवढं पुरत नाही का?

वसईकर:
हेलियम सोडा क्षणभर. बाई, तुमचं दुखणं आमच्या चर्चमध्येही आहे. विश्व एका आद्य अणूपासून सुरू झालं ही कल्पना १९३१ला मांडणारे लमेत्र स्वतः फादर. १९५१ला पोप पायस बारावे म्हणाले की बायबलातल्या 'प्रकाश होवो' या वचनाला आता विज्ञानच साक्ष देतंय. सगळे खूश, लमेत्र मात्र नाराज. माझं गणित धर्माच्या बाजूचंही नाही आणि विरोधातलंही नाही, अशी त्यांची भूमिका.

पण कातळभाऊंचंही खोटं नाही. कार्डिनल बेलार्मिनने १६१५च्या पत्रात लिहिलं होतं की पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर शास्त्रवचनांचा अर्थ जपून लावावा लागेल. नियम सुंदर. पुढच्याच वर्षी चर्चने, पृथ्वी फिरते म्हणणारं कोपर्निकसचं पुस्तक रोखलं.

उजवा डावा:
आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुरवपण आहे, म्हणून बोलतो. ताप विचारायला कोणी आलं तर आजोबा गाऱ्हाणंच घालत नसत. "आधी डॉक्टर, मग ये." एका कौलावरून सगळ्यांना झोडू नका. बांधावरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ आजोबांनी देवासमोर उभे केले, कौल डावा पडला, थोरल्याने बांध सोडला. आज दोघं एका पंगतीत जेवतात. कोर्टाने हे केलं असतं?

कातळ:
तुमचे आजोबा चांगले होते. कौल कसा आहे ते त्यावरून ठरत नाही. आणि डावा पडायचं कारण पाकळीचा ओलेपणा.

उजवा डावा:
ओलेपणा तर ओलेपणा! भांडण मिटलं ना? तुमच्या हायग्रोमीटरने मिटवून दाखवा.

सुरंगी:
दोघंही थांबा. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांच्या लेखी वेदाचं काम विधी सांगणं, 'करावं' हे सांगणं. वस्तुस्थितीची वर्णनं म्हणजे अर्थवाद. ती त्या विधीच्या मदतीला. बांध सोडावा का, हा 'करावं'चा प्रश्न, तिथे कौल चालेल. ताप कसला, हा 'आहे'चा प्रश्न. तो देवाला विचारणं म्हणजे कानाला रंग विचारणं. कातळ, तुमच्या घरी प्रश्नच चुकीच्या दारात नेला, आणि तो परत पाठवायला हवा होता. हे मी मान्य करते. मनापासून नाही, पण करते.

कातळ:
तुम्हाला भाष्य येतं म्हणून तुम्ही दार ओळखता. आमच्या आईला कोणी सांगितलं होतं कुठलं दार कशाचं?

हेलियमचं शोधून पाहिलं. १८९८ बरोबर आहे. सरांना फोन केला नाही, आता ते पंच्याऐंशीचे आहेत.

सुरंगी:
मी ते शंकराचार्यांचं वाक्य जीर्णोद्धाराच्या ग्रुपवर अर्थासकट टाकलं. अॅडमिनने काढून टाकलं, वर मला खासगीत विचारलं, "बाई, तुम्ही नास्तिक कधी झालात?"

गजाली:
१८९८ तर १८९८. मग हेलियम दिन २२ जानेवारीक घेवा. ऑगस्टात पावसात कोण येता हय? जानेवारीत लॉज तरी भरतले.