शेठ २० लाख द्यायला तयार आहेत पण ४० टक्के मागायलेत, घेऊ का?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून टॉवेल कारखान्यांसाठी एक ॲप बनवलंय. सूत किती आलं, कुठल्या मागावर किती माल निघाला, डाईंगला किती गेला, जॉबवर्कवाल्याकडं किती अडकून पडलाय हे सगळं मालकाला मोबाईलवर दिसतं आणि कामगार नुसतं बोलून एंट्री करू शकतो, मराठी तेलुगू दोन्ही चालतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले काही कारखाने वापरायलेत आणि त्यातले बरेचसे महिन्याला पैसे पण देतात, थोडेच पण देतात.

आता वडिलांच्या ओळखीचे एक शेठ आहेत, नवी पेठेत कापडाचं होलसेल. ते म्हणतात २० लाख देतो, ४० टक्के माझे, निम्मे पैसे रोख देणार, आणि धंदा बसेपर्यंत महिन्याला काहीतरी माझ्या हातात पडलं पाहिजे. कंपनी अजून काढलेली नाही, शेठ म्हणतायत कशाला पाहिजे कंपनी, भागीदारीचा करार करू. घरचे म्हणतात आपलाच माणूस आहे घेऊन टाक. एंजल इन्व्हेस्टर म्हणतात ते हेच का? कोणी असे पैसे उचललेले असतील तर सांगा.

होटगीरोडवाला
थांब बे, सही करू नकोस अजून.

हे एंजल नाही, ही बिनतारणाची सावकारी आणि वर भागीदारी. एंजल स्वतःच्या खिशातले पैसे टाकतो आणि ते बुडू शकतात हे धरूनच टाकतो. दहा-पंधरा ठिकाणी थोडे थोडे टाकतो, त्यातले बहुतेक बुडतात, एखाद-दुसरा एवढा मोठा होतो की बाकीच्यांचं भरून निघतं. म्हणून तो महिन्याला हप्ता मागत नाही, त्याला पाच-सात वर्षांनी शेअर विकून पैसे काढायचे असतात. महिन्याला ज्याला पैसे पाहिजेत तो तुझ्या कंपनीची वाढच खाणार, कारण सुरुवातीला जे येतंय ते तुला माणसं ठेवायलाच पुरत नाही.

आता ४० टक्क्यांचा हिशोब बघ. २० लाखाला ४० टक्के म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत धरली ५० लाख. तुम्हा दोघांकडं राहिले ६०. पुढं मोठा इन्व्हेस्टर आला की तो आधी म्हणणार कामाच्या माणसांसाठी १० टक्के शेअर बाजूला काढा, झाले ५४. मग तो स्वतः २० टक्के घेणार, उरले ४३.२, म्हणजे एकेकाला २१.६. आणि जो माणूस रोज कामाला येत नाही त्याच्याकडं २८.८! असं शेअरहोल्डिंग बघितलं की पुढचा माणूस चहा पिऊन निघून जातो, कारण त्याला भीती असते की पोरं दोन वर्षात कंटाळून नोकरी धरतील. पहिल्या राउंडला, म्हणजे पहिल्यांदा बाहेरचे पैसे उचलताना, १० ते २० टक्क्यांच्या आत राहायचं बघ. २० लाखाला १५ टक्के धरले तर किंमत साधारण १ कोटी ३३ लाख होते, कारखाने पैसे देऊन वापरतायत म्हटल्यावर हे काही हवेतलं नाही.

सीए_बाळीवेस
वरच्यांनी हिशोब सांगितला, मी कागदाचं सांगतो.

भागीदारी फर्ममध्ये शेअर नावाची गोष्टच नसते, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) पण नसते, त्यामुळं बाहेरचा एंजल तिथं येत नाही. प्रायव्हेट लिमिटेडच काढावी लागेल. गूगलची गोष्ट सांगतात ना, १९९८ ला अँडी बेख्टोलशाइम नावाच्या इन्व्हेस्टरनं १ लाख डॉलरचा चेक लिहिला आणि कंपनीच नव्हती म्हणून पोरांना तो भरताच येईना, आधी कंपनी काढावी लागली. तसा चेक आपल्याकडं कोणी लिहीत नाही, म्हणून आधीच काढा.

रोख तर अजिबात नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणं शेअरचे पैसे बँकेतूनच यावे लागतात, तेही वेगळ्या खात्यात, ६० दिवसात शेअर द्यायचे, दिल्यावर १५ दिवसात पीएएस-३ (शेअर दिल्याचा सरकारी फॉर्म) भरायचा आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा, म्हणजे शेअरची किंमत ठरवणाऱ्याचा, रिपोर्ट पण लागतो. बरेच जण पैसे आले की लगेच पगार करतात आणि पुढच्या राउंडला वकील नेमकं तेच उकरून काढतो.

कन्व्हर्टिबल नोट (आत्ता कर्ज, पुढं त्याचे शेअर) करू असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, त्याला डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, स्टार्टअप मान्यता लागते आणि एका माणसाकडून एका हप्त्यात किमान २५ लाख लागतात, म्हणजे २० लाखात ते बसत नाही. नुसतं उसने म्हणून बाहेरच्या माणसाकडून कंपनीत घेतले तर ते डिपॉझिट धरलं जातं, ते वेगळंच लफडं. बहुतेक एंजल सीसीपीएस घेतात, म्हणजे असे प्रेफरन्स शेअर जे पुढं सक्तीनं साध्या शेअरमध्ये बदलतात.

आणि जुने लेख वाचून एंजल टॅक्सला (शेअर रास्त किमतीच्या वर विकले तर जास्तीच्या पैशावर कंपनीला लागायचा तो कर) घाबरू नका. २०१२ ला आला होता, जुलै २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकला. पण पैसे कुठून आले हे दाखवावं लागतंच, म्हणून पण रोख नको.

साखरपेठी
सगळे शेठच्या मागं लागलेत, मी जरा उलटं बोलतो. मुंबई पुण्याचा एंजल तुला पैसे देईल पण त्याला ताणा-बाणा तरी माहितीय का? ह्या शेठनं दोन फोन केले तर चार कारखाने जास्तीचे मिळतील, आणि आपल्याकडं मालक लोक ॲपवर नाही, माणसावर विश्वास ठेवतात. ती ओळख फुकट मिळत नाही.

दुसरं, तुला पैसे कशाला पाहिजेत ते तू लिहिलंच नाहीस. गिऱ्हाईक पैसे देतंय तर तेवढ्यावर अजून वर्षभर चालतंय का बघ की. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड स्कीम २०२१ ला आली, ९४५ कोटींची, त्यात इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) प्रोटोटाइपसाठी २० लाखापर्यंत ग्रँट होती, शेअर द्यायचे नाहीत काही नाही. असलं काही चालू आहे का ते पोर्टलवर जाऊन बघ आधी.

जुळे_सोलापूरकर
@साखरपेठी दादा, दोन डेव्हलपर आणि कारखान्यात जाऊन शिकवायला एक माणूस ठेवायचाय, आणि इचलकरंजी भिवंडीला पण न्यायचंय. आत्ता आम्ही दोघंच सगळं करायलोय, रात्री कोड आणि दिवसा कारखाना.

शेठना हे सगळं कसं सांगू? वडील म्हणतात त्यांना नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

होटगीरोडवाला
नाही म्हणूच नकोस. आकडा बदलून जा. म्हणायचं काका, तुमचे १० लाख घेतो, बँकेतून, आणि शेअर बाहेरच्यांना ज्या भावानं देणार त्याच भावानं तुम्हाला. आणि गिऱ्हाईक आणून देणार असाल तर त्याचे वेगळे अर्धा-एक टक्का, पण ते दोन वर्षात हळूहळू मिळणार, एकदम नाही. महिन्याचा हप्ता नाही हे पहिल्याच बैठकीत सांग, नंतर सांगितलं की भांडण होतं.

उरलेल्या १० लाखासाठी बाहेर बघ. इंडियन एंजल नेटवर्क, मुंबई एंजल्स ही २००६ पासूनची नेटवर्क आहेत, तिथं बरेच जण मिळून टाकतात, पण त्यांचा चेक मोठा असतो, एवढ्याशा रकमेला ते येणार नाहीत. तुला एकेकटे २-३ लाख टाकणारे बघायला पाहिजेत. सोलापूरची किती पोरं पुण्यात हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये वर चढलीत, त्यांच्यातच सापडतात. एक जण तयार झाला की त्याच्या नावावर दुसरा येतो. आणि फंड मिळवून देतो म्हणून आधी फी मागणारा भेटला तर तिथूनच रामराम.

साखरपेठी
@होटगीरोडवाला हे पटलं. फक्त काकांना हे शेअर हळूहळू मिळण्याचं सांगताना व्हेस्टिंग-बिस्टिंग शब्द वापरू नका, ते उठून जातील.

सीए_बाळीवेस
एक राहिलं. तुम्हा दोघांचे शेअर पण चार वर्षात मिळतील असं आपसात लिहून घ्या, पहिल्या वर्षात कोणी सोडून गेला तर काहीच नाही. आणि ॲपचा कोड, डोमेन, प्ले स्टोअरचं खातं आत्ता कुणाच्या नावावर आहे? मित्राच्या जीमेलवर असणार. ते कंपनीच्या नावावर करून घ्या, मग शेठकडं जा.

जुळे_सोलापूरकर
मित्राच्या बहिणीच्या जीमेलवर आहे 😅