बाळ-बाळंतीण घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे : रात्रीची जागरणे, दूध पुरण्याची शंका आणि घुटी

प्रश्न : मुठाकाठ

नमस्कार. आमच्या मुलीच्या जन्माला आता दोन आठवडे होत आले आहेत. प्रसूती सिझेरियनने झाली आणि घरी सोडताना दोघींचीही प्रकृती चांगली असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. रीतीप्रमाणे पत्नी बाळंतपणाला माहेरी गेली असती. परंतु सासऱ्यांचे डायलिसिस चालू असल्याने सासूबाईंना घर सोडता येत नाही, आणि नांदेडपर्यंतचा प्रवास पत्नीला सध्या झेपणारा नाही. म्हणून माझी आई कराडहून पुण्याला आली आहे. ती सगळे मनापासून करते, स्वयंपाकघर तर तिनेच पूर्ण सांभाळले आहे. तरीही घरात ताण आहे आणि त्याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

बाळ दिवसा शांत झोपते आणि रात्री एकच्या सुमारास उठले की पहाटेपर्यंत तासातासाला पाजावे लागते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तर ते दोन-तीन तास अंगावरून बाजूलाच होत नाही, आणि त्यावरून ‘हिला दूध पुरत नाही, वरचे दूध सुरू करा’ असे आईचे म्हणणे आहे. तिने घुटीचे साहित्य आणि सहाण बरोबर आणली आहे, खोलीत शेगडी ठेवण्याचाही आग्रह आहे. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी बाळाची छाती दाबून त्यातून ‘दूध काढतात’ आणि नाकात तेलाचे थेंब सोडतात. पत्नीला हे पाहवत नाही, पण बोलायचे कोणी, हा प्रश्न आहे. माझी रजा संपली असून मी खासगी नोकरीत आहे, त्यामुळे ती वाढण्याची शक्यता कमी. पत्नी मधूनमधून विनाकारण रडते, याची मला अधिक काळजी वाटते. हे दिवस कसे निभवावेत?

उत्तर : गोदाघाट

मी दोन मुलांची आई आहे आणि माझेही दुसरे बाळंतपण माहेराविना झाले, म्हणून रात्रींविषयीच लिहिते.

नवजात बाळाला दिवस-रात्रीचे भान नसते. ते हळूहळू, साधारण दोन-तीन महिन्यांत येते. तोवर रात्री सलग झोपेची अपेक्षाच ठेवू नये. पाहायचे ते एवढेच की आईला चोवीस तासांत कधीतरी एकदा चार तासांची अखंड झोप मिळते आहे की नाही. आमच्याकडे ती रात्री जेवणानंतर लगेच मिळत असे. शेवटचे पाजून झाले की मी आतल्या खोलीत दार लावून झोपत असे आणि बाळ बाहेर नवऱ्याच्या मांडीवर असे. भूक लागली तरच मला उठवायचे, नुसती कुरकुर असेल तर ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फिरवणे ही कामे त्याची. पाजण्याखेरीज बाळाचे असे एकही काम नाही जे वडिलांना जमत नाही. तुम्हाला सकाळी कामावर जायचे आहे हे खरे. पण रात्री बारापर्यंतची पाळी तुम्ही घेतलीत आणि पहाटे पाचनंतर आईंनी बाळ उचलून नेले, तर मधली जागरणे तुमच्या पत्नीला सुसह्य होतील.

सिझेरियननंतर उठून बसताना टाके ओढले जातात, त्यामुळे कुशीवर झोपून पाजण्याची सवय करून घ्यावी. पाजता पाजता डोळा लागतोच, म्हणून रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नये. तिथे झोप लागली आणि बाळ गादीच्या फटीत गेले तर जिवावर बेतते. पाजून झाल्यावर बाळाला तुम्ही उचलून त्याच्या स्वतःच्या जागी, सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात, तीही सध्या बाजूला ठेवावी. डोक्याची गोलाई बाळ जागे असताना आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथे घातल्याने आणि झोपताना मान आलटून-पालटून दोन्ही बाजूंना वळवल्याने येते.

खोलीत रात्री झिरोचा दिवा पुरे. बाळाशी बोलणे, खेळवणे, मोठा दिवा लावणे हे सगळे दिवसासाठी ठेवावे, आणि दिवसा पडदे उघडून घरातले नेहमीचे आवाज चालू द्यावेत. पत्नीच्या उशाशी पाण्याचा तांब्या, लाडवाचा डबा आणि घडी घातलेली दुपटी-लंगोट संध्याकाळीच ठेवून द्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते : बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि मग उतरू लागते. हे ठाऊक नसले की नेमके त्याच सुमारास घरात ‘दृष्ट लागली’पासून ‘दूध बाधले’पर्यंत सगळे निदान होऊन जाते.

उत्तर : निवृत्त परिचारिका

शासकीय रुग्णालयाच्या नवजात कक्षात नोकरी झाली, म्हणून दूध पुरते की नाही हे कसे ओळखावे ते आधी सांगते. बाळ किती वेळ अंगावर राहते किंवा आईचे स्तन किती भरलेले वाटतात, यावरून काहीच ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक लंगोट व्यवस्थित ओले होत असतील, शी काळसर-हिरवी न राहता पिवळी झाली असेल आणि पिताना गिळण्याचा आवाज ऐकू येत असेल, तर दूध पोहोचते आहे. डायपरमध्ये ही मोजणी अवघड जाते; एक-दोन दिवस मुद्दाम सुती लंगोट वापरून पाहा, आईंचीही खात्री पटेल. सर्वांत भक्कम पुरावा मात्र वजनाचा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन शेकडा ७ ते १० पर्यंत उतरू शकते, आणि दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनाइतके व्हायला हवे. त्यानंतर दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. एकाच काट्यावर, कपडे उतरवून वजन करावे. झबले-टोपरे-दुपट्यासकट केलेल्या वजनाला अर्थ नाही. ‘आशा’ सेविकांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते आणि त्यात वजनही होते. तुमच्या वस्तीत आशाताई येत नसतील तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन वजन करून घ्या.

या वयाचे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, आणि संध्याकाळी सतत अंगावर राहणे हे फार मुलांचे असते. विहिरीचा उपसा वाढला की झरे मोकळे होतात तसेच दुधाचे आहे. बाळ जितके ओढेल तितके ते तयार होते. मधेच वरचे दूध पाजले की बाळ तेवढे कमी ओढते, दूध खरोखरच कमी होते आणि मग आजीचे म्हणणे खरे ठरते. वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितले, तर ते निःसंकोच द्यावे, त्यात आईचा कमीपणा काही नाही. गाई-म्हशीचे दूध मात्र पहिले वर्षभर प्यायला देऊ नये.

घुटीविषयी स्पष्ट लिहिते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको; अपवाद डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधांचा आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा, जे सामान्यतः रोज ४०० एकक देतात. घुटीत हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असे बरेच काही उगाळले जाते. कशाचे किती वेढे उगाळले गेले याचे प्रमाण राहत नाही, जायफळाने बाळ गुंगते आणि ते ‘शांत झाले’ असे आपण समजतो. शिवाय ओली सहाण आणि बोट यांतून जंतू थेट पोटात जातात. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

छाती दाबणे आजच थांबवा. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, नवजात बाळाची छाती फुगते, कधी थेंबभर दूधही येते आणि ते काही आठवड्यांत आपोआप जिरते. दाबल्याने तिथे पू होऊन शस्त्रक्रियेची वेळ आलेली मी पाहिली आहे. नाकाकानात तेल घातल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचा आणि कानात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. नाळेवर तेल, हळद, पावडर काहीही न लावता ती कोरडी ठेवावी. अंगाला हलक्या हाताने खोबरेल लावायला हरकत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. धुराइतकाच, किंबहुना अधिक, धोका न दिसणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा असतो. ऊब द्यायची तर टोपरे, पायमोजे आणि आईच्या उघड्या छातीवर बाळाला धरून वरून पांघरूण, एवढे पुरते.

आता थांबून न राहता दवाखाना गाठण्याची लक्षणे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, अथवा अंग गार पडणे, पिणे सोडणे किंवा उठवूनही न उठणे, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, झटके, नाळेभोवती लाली किंवा पू. काविळीवर कोवळे ऊन हा उपचार नव्हे, हेही आईंना सांगा. बाळंतिणीच्या बाबतीत तासाभरात पॅड पूर्ण भिजण्याइतका रक्तस्राव, ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज आणि वेदना, किंवा डोके प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी निघावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

रडण्याबद्दल : प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून असे भरून येणे अनेकींना होते आणि ते दोन आठवड्यांत ओसरते. तुमचे दोन आठवडे आता संपतच आहेत, तेव्हा ते ओसरत नसेल, बाळ झोपले असतानाही तिला झोप येत नसेल, किंवा ‘मी आई म्हणून नालायक आहे’ अशी वाक्ये येत असतील, तर टाके दाखवायला जाल तेव्हा हे तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा; ती सांगेल याची वाट पाहू नका. ‘टेलिमानस’ या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार तिने बोलून दाखवला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तोवर तिला एकटी सोडू नका.

उत्तर : कोल्हापूरची आजी

मी तुमच्या आईंच्या बाजूने लिहिते आहे. मुलीचे आणि सुनेचे अशी दोन्ही बाळंतपणे मी केली. ज्या बाईने आपली मुले घुटीवर वाढवली, तिला ‘हे चुकीचे आहे’ म्हटले की तिला ऐकू येते ते ‘तू आई म्हणून चुकलीस’ एवढेच. म्हणून हे बोलणे सुनेने करू नये. मुलाने करावे, आणि त्यातही शक्य तेवढे डॉक्टरांच्या तोंडून करवून घ्यावे. पुढच्या तपासणीला आईंना बरोबर न्या, घुटीची पिशवीही न्या आणि त्यांनाच प्रश्न विचारू द्या. मावशींना सांगण्याचे कामही आईंकडे सोपवा. ‘आमच्या डॉक्टरांनी बंद सांगितलंय’ हे वाक्य त्या तुमच्यापेक्षा अधिकाराने बोलतील.

त्यांच्या हाती जे पूर्ण त्यांचे आहे ते असू द्या. अळिवाची खीर, डिंकाचे नि मेथीचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा हे करावे ते त्यांनीच, आणि त्याचे कौतुक मोठ्याने व्हावे. एवढे बघा, की लाडवांनी पोट भरून भाकरी, वरण, पालेभाजी मागे पडत नाही, आणि ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावे’ हा नियम पाळला जात नाही. पाजणाऱ्या बाईला तहान लागते, तिने पाणी प्यावे.

पाहुण्यांचे तुम्ही लिहिले नाही, पण ते येत असणारच. इथे आपली जुनी रीत तुमच्या कामाची आहे. सोयर आणि सव्वा महिना या नावाखाली बाळंतिणीला कामातून आणि माणसांच्या वर्दळीतून सुटका मिळत असे. बाकीचे काही पाळा न पाळा, हे जरूर पाळा. ‘आमच्याकडे सव्वा महिना पाळतात’ असे आईंनी फोनवर सांगितले की कोणी रागावत नाही. बारसेही बाराव्या दिवशीच झाले पाहिजे असे नाही, सव्वा महिन्यानंतर पुष्कळ घरांत करतात. जे येतील त्यांनी हात धुवावेत, बाळाचा पापा घेऊ नये, आणि सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच बाळंतविडा द्यावा.

उत्तर : ठाणेकर बाबा

वर सगळे आले आहे, फक्त कागदपत्रांचे राहिले. हे काम पूर्णपणे वडिलांनी उचलावे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालय ती कळवते, पण आई-वडिलांच्या नावांतील अक्षरे तिथेच तपासून घ्या, नंतरची दुरुस्ती कटकटीची असते. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद होते, आणि वर्षभराच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा टाळू नका. सहा आठवड्यांच्या लसीची तारीखही आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. रजेचे म्हणाल तर वडिलांसाठी १५ दिवसांची रजा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आहे, खासगी नोकरीत तसा कायदा नाही. परंतु काही आठवडे घरून काम किंवा उशिरा येण्याची सवलत लेखी मागून पाहावी, पुष्कळ ठिकाणी मिळते.

प्रश्नकर्ता : मुठाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्या आईला घेऊन वजन करायला जातो आहे; ‘काट्यावर दिसलं तर मानीन’ असे तिने स्वतःच म्हटले. रात्री बारापर्यंतची पाळी आजपासून माझी. एक छोटी शंका : पाजल्यावर बाळाला फार उचक्या लागतात आणि थोडे दूध ओठांतून बाहेर येते. उचकी थांबावी म्हणून चमचाभर पाणी द्यावे का?

उत्तर : निवृत्त परिचारिका

पाणी नको. उचक्या बाळाला त्रास देत नाहीत, त्या आपोआप थांबतात; फार वाटले तर पुन्हा अंगावर घ्यावे. पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटे खांद्यावर उभे धरले की दूध बाहेर येणेही कमी होते. उलटी हिरवी असेल, किंवा प्रत्येक वेळी जोराने लांबवर फेकली जात असेल, तर मात्र लगेच दाखवा. आणि उद्या वजन किती भरले ते कळवा.