मदत हवी आहे: मुलांच्या खोलीच्या कपाटासाठी प्लाय कुठला घ्यावा?

सुतार एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सुचवतोय. त्यात आणि साध्या एमआर (ओलसरपणा थोडाफार सोसणाऱ्या) प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन (चिकटवणारा गोंद) असतं; दमट, गरम हवेत ते हळूहळू विघटित होऊन फॉर्मल्डिहाइड वायू सोडतं, डोळे चुरचुरतात. आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) च्या प्लायमध्ये फिनॉलिक रेझिन (कापलेल्या कडेवर काळपट रेघा दिसतात), त्यातून उत्सर्जन बरंच कमी. पण नुसत्या शिक्क्यावर कसं जायचं? ई-1 ही उत्सर्जनाची श्रेणी, म्हणजे 100 ग्रॅम बोर्डामागे जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड. बॅचचा चाचणी अहवाल दाखवणारा पुण्यातला विक्रेता कुणाला माहीत आहे का?

दुसरं, सुतार दर्शनी बाजूलाच लॅमिनेट लावतात; पाठीची फळी, कप्प्यांच्या कडा, बिजागरीची भोकं उघडीच. तिथे एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) सोडून काय लावता?