कातिपुनान: उसनी क्रांती की घरची?

बोरूबहाद्दर:
काल एका महाभागाने ठोकून दिलं: ‘फिलिपिन्सची १८९६ची क्रांती म्हणजे फ्रेंच विचार, फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाचे विधी, वरून तागालोग या तिथल्या भाषेचा मुलामा. स्वतःचं असं काही नाही.’ झोप लागेना म्हणून लिहितोय. स्पेनविरुद्धच्या त्या क्रांतीची गुप्त संघटना कातिपुनान, तिचा म्होरक्या बोनिफासियो. त्याने फ्रेंच क्रांतीचा इतिहास वाचला होता, मान्य. पण १८९६ साली संघटनेच्या ‘कालायाआन’ या पत्रात लिहिताना त्याने आठवण काढली १५६५ची. बोहोल बेटावर तिथला सरदार सिकातुना आणि स्पेनचा सेनानी लेगास्पी एकमेकांचं रक्त पिऊन भाऊ झाले होते. शब्द स्पेनने मोडला, आता आम्ही मोकळे. हा युक्तिवाद पॅरिसचा? कातिपुनानचा सभासद सहीसुद्धा स्वतःच्या रक्ताने करायचा.

हिशेबी:
महाभाग मीच. रक्ताची सही दिसली, बुरखे नाही दिसले? सभासदत्वाच्या पहिल्या पायरीला काळा, दुसऱ्या पायरीला हिरवा, तिसऱ्या पायरीला लाल, प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा. सरळ मेसनांच्या लॉजमधून, म्हणजे शाखेतून, उचललेलं. बोनिफासियो स्वतः मेसन होता. आणि त्या रक्ताच्या कराराचं गाजलेलं चित्र हुआन लुनाने १८८६ साली पॅरिसात रंगवलं. सिकातुना म्हणून समोर कोण बसलं होतं? युरोपात शिकलेला फिलिपिनो लेखक रिझाल! घ्या तुमचं अस्सल देशी.

बोरूबहाद्दर:
मग ते परवलीचे शब्दही सांगा की. दुसऱ्या पायरीचा ‘गोमबुर्झा’: १८७२ साली स्पेनने गळा आवळून मारलेल्या तीन पाद्र्यांच्या आडनावांचे तुकडे. ताट उसनं, जेवण घरचं.

खारवी:
मी वीस वर्षं बोटीवर, पुस्तकं कमी वाचलीत. आमचा फिलिपिनो बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, गुड फ्रायडेच्या आठवड्यात मेसमध्ये मोबाइलवर ‘पासियोन’ लावून सोबत गातो. ख्रिस्ताच्या हालांचं तागालोग काव्य. गावाकडे पाळीपाळीने रात्रंदिवस म्हणतात म्हणे. मला आमचा हरिनाम सप्ताहच आठवला. देव स्पेनने दिला, रडणं यांचं. त्याच्याच मुलखातला एर्मानो पुले. इंडिओ, म्हणजे देशी माणूस, म्हणून मठात घेतला नाही, तर त्याने स्वतःचा पंथ काढला. १८४१ साली स्पेनने मारला त्याला. त्याला कुठल्या लॉजने शिकवलं होतं?

फिटरभाऊ:
हे सगळं राहू द्या. तेहेरोसची क्रांतिकारकांची सभा विसरलात! २२ मार्च १८९७. बोनिफासियो गृहखात्यावर निवडून आला, तर त्यांच्यातलाच तिरोना उठून म्हणतो, हे पद वकिलाचं. ज्याने संघटना उभी केली त्याला सर्टिफिकेट विचारतो! छड्या आणि कागदी पंखे विकून भावंडं सांभाळलेला माणूस तो. माझंही तेच. अकरा वर्षं मशीन चालवलं, मीच शिकवलेला पोरगा डिप्लोमा दाखवून माझ्या डोक्यावर बसला. बोनिफासियोने निदान पिस्तूल काढलं, मी डबा उचलून घरी आलो.

हिशेबी:
विषय काय, चाललंय काय.

फिटरभाऊ:
विषयच हा आहे. डिग्रीची मस्ती ही स्पेनची खरी आयात. बुरखे कसले मोजताय?

चिकित्सक ताई:
बोनिफासियोला देव्हाऱ्यात बसवू नका. ऑगस्ट १८९६ मध्ये सान हुआनला त्याचा हल्ला फसला. लढाया जिंकल्या त्या अग्विनाल्दोच्या काविते प्रांतवाल्यांनी. कळवळ्यावर सैन्य चालत नाही.

फिटरभाऊ:
म्हणून तेहेरोसला अध्यक्ष झालेल्या अग्विनाल्दोच्या राज्यात डोंगरात नेऊन, १० मे १८९७ला, भावासकट मारायचं? ताई, तुम्ही एचआरमध्ये आहात का?

चिकित्सक ताई:
एचआरमध्येच आहे. पुढे?

बोरूबहाद्दर:
अहो, मारामारी नंतर. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्ती करणाऱ्यांना अर्पण केली, म्हणून सत्यशोधक समाज अमेरिकन झाला का?

हिशेबी:
आले, शेवटी फुले आलेच! बरं. ‘स्वतःचं असं काही नाही’ यातलं ‘काही’ मागे घेतो. बुरखे मात्र मेसनांचेच. जेवा आता आपापल्या ताटात.

खारवी:
बोसनला आत्ता विचारलं, बोनिफासियो की अग्विनाल्दो? म्हणाला, आधी हॅच बंद कर, पाऊस येतोय.