सुराबायाला गेलेल्या मराठा पलटणींचा अभिमान बाळगायचा का?

कृष्णाकाठ
इटलीत मोंटोने गावात, दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला तिकडं लढताना पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या आठवणीसाठी २०२३ ला सूर्यघडी उभारली तेव्हा आपण सगळ्यांनी ते फोटो फॉरवर्ड केले, मी पण केले. माणगावला त्यांचा पुतळा आहे तिथं दोनदा जाऊन डोकं टेकवून आलोय. पण त्यांच्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या आणि सहाव्या पलटणीला घाडगे पडले त्यानंतर सव्वा वर्षात जावा बेटावर सुराबायाला उतरवलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपान शरण आल्यावर १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण डचांना आपली वसाहत परत हवी होती आणि ते यायच्या आधी इंग्रजांनी आपलं सैन्य तिथं पाठवलं. सुराबायाला २५ ऑक्टोबरला ४९ वी ब्रिगेड उतरली, जेमतेम चारेक हजार माणसं, त्यात दोन पलटणी मराठ्यांच्या आणि एक राजपुताना रायफल्सची. म्हणजे इथं आपण स्वातंत्र्य मागत होतो, लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहत होता आणि तिकडे आपलीच पोरं दुसऱ्याचं स्वातंत्र्य दाबायला वापरली गेली. माझं स्पष्ट मत आहे, सुराबाया शौर्यगाथांच्या यादीत घालू नये.

माजी सुभेदार
अर्धंच सांगितलंत भाऊ. ब्रिगेडला दिलेलं काम होतं जपान्यांची हत्यारं काढून घेणं आणि छावण्यांत तीन तीन वर्षं कोंडलेले युद्धकैदी, डच बायका, पोरंबाळं यांना बाहेर काढणं. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबींनी तिथल्या इंडोनेशियन पुढाऱ्यांशी बोलून २६ तारखेला समझोताही केला होता की हत्यारं फक्त जपान्यांची घेऊ, तुमची नाही. आणि २७ ला वरच्या हेडक्वार्टरने विमानातून पत्रकं टाकली, ४८ तासांत सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवा नाहीतर गोळी घालू! मॅलबींना स्वतःला याचा पत्ता नव्हता. लोकांना वाटलं यांनी दगा दिला. आपली माणसं शहरभर विखुरलेली, कुठं दहा कुठं वीस, जवळ असेल तेवढाच दारूगोळा, आणि २८ च्या संध्याकाळी हजारोंचा जमाव चाल करून आला, त्यांच्याकडं जपान्यांकडून मिळालेल्या रायफली, मशीनगन. बायका-पोरांचे ट्रक घेऊन निघालेल्या आपल्या शिपायांनी गोळ्या संपेपर्यंत त्यांना राखलं आणि बरेच जण तिथंच मेले. हे शौर्य नाही तर काय आहे सांगा मला.

दर्यावर्दी
सुभेदार साहेब, त्या ट्रकवरच्या शिपायांना माझाही सलाम. पण 'त्या काळी कुणाला कळत नव्हतं' असं म्हणाल तर ते मला पटणार नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावरच्या नाविकांनी संप केला, बघता बघता बंदरातली जहाजं, मग कराची, सगळीकडे पसरला. मागण्या बघा त्यांच्या. जेवण सुधारा, गोऱ्यांएवढा पगार द्या, शिवीगाळ बंद करा, आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा, आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा! पोटातलं अन्न कदान्न असताना या पोरांनी जावाचा विचार केला. त्यांना साथ द्यायला मुंबईत जे लोक रस्त्यावर उतरले त्यातले दोनशेवर गोळीबारात गेले. त्याआधी १९४५ मध्येच सिडनीत भारतीय खलाशांनी डच जहाजं सोडली, हत्यारं भरलेली बोट आम्ही जावाला नेणार नाही म्हणून. नेहरू आणि जिना, दोघांचं कशावर जमत नव्हतं पण या एका गोष्टीवर दोघांनी विरोध केला. कळणाऱ्यांना कळत होतं.

माजी सुभेदार
नाविकांची मागणी होती आमची माणसं परत आणा, त्यांनी आमच्या माणसांना गद्दार म्हटलं नव्हतं हे ध्यानात घ्या. आणि मुंबईच्या धक्क्यावर, आपल्या लोकांत, संप करणं वेगळं. चहूबाजूंनी वेढलेल्या घरात पंधरा माणसं घेऊन बसलेला हवालदार काय संप करणार?

सह्यभटक्या
पण सोडून जाणारे होतेच ना, जावा-सुमात्रात मिळून भारतीय सैन्यातले सहाशेच्या आसपास शिपाई तिकडच्या बाजूला गेले असं सांगतात, बहुतेक मुसलमान होते. मग त्यांना काय म्हणायचं, फितूर की शहाणे? मला खरंच ठरवता येत नाही.

शुभदा व.
मी हायस्कूलला इतिहास शिकवते म्हणून बोलते. कृष्णाकाठ, तुमची फूटपट्टी मला कळली नाही. साम्राज्यासाठी लढले म्हणून सुराबाया वगळायचं तर इटलीतही ते साम्राज्याच्याच पगारावर होते, मग घाडग्यांच्या पुतळ्यापुढं तरी डोकं कशाला टेकवायचं? हीच चौथी पलटण मार्च १९४४ ला मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर उभी राहिली होती, तेव्हाची पडझड बघितलेली माणसं त्यात असणार. त्यांना मार्च ४४ चे वीर म्हणायचं आणि ऑक्टोबर ४५ ला तोंड फिरवायचं? ऑर्डर देणारा बदलला नव्हता, शिपाई बदलला नव्हता.

कृष्णाकाठ
ताई, समोरचा बदलला होता. इटलीत समोर नाझी फौज होती आणि सुराबायात दोन महिन्यांपूर्वी स्वतःचा झेंडा लावलेलं शहर, त्यातले कितीतरी बांबूचे भाले घेऊन आलेले. हा फरक मी सोडणार नाही. एक गोष्ट मात्र मान्य करतो, सुभेदारांचं वाचून परत तारखा लावून बघितल्या. ३० ऑक्टोबरला लाल पुलाजवळ मॅलबी मारले गेले (शेजारच्या इंटरनॅशिओ इमारतीत आपलीच मराठा कंपनी अडकली होती), तोवर आपल्या पलटणी मार खातच होत्या, मुळात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नोंना विमानाने आणून लढाई थांबवली म्हणून उरलेले वाचले. खरा सूड १० नोव्हेंबरपासून. पाचवी इंडियन डिव्हिजन, रणगाडे, वरून विमानं, समुद्रातून युद्धनौकांच्या तोफा, तीन आठवडे, हजारो माणसं मेली. इंडोनेशिया आज १० नोव्हेंबर वीर दिन म्हणून पाळतो. मी पहिल्या पोस्टमध्ये हे दोन्ही एकात घातलं, ते चुकलं. पण म्हणून अभिमान? नाही. दुःख म्हणा, मी सोबत आहे.

दर्यावर्दी
+१. आणि शुभदाताई, शाळेत शिकवाल तर सुराबाया आणि 'तलवार' एकाच तासाला शिकवा. दोन्हीकडे साताऱ्या-रत्नागिरीची पोरं, मधे फक्त चार महिने.

शुभदा व.
ते मात्र करीन, नकाशा लावूनच करीन. तरी सुभेदार काका, एक विचारू का, तुमचं कुणी होतं का तिकडं?

माजी सुभेदार
चुलते होते, सहाव्या पलटणीत. घरी फार बोलायचे नाहीत. भिंतींवर हिंदुस्तानीत लिहिलेलं असायचं म्हणे, की तुम्ही पण गुलाम, आम्ही पण गुलाम, मग आम्हाला का मारता. ते वाचून पुढं जायचो, एवढंच सांगायचे. त्यांचा राग इंडोनेशियन लोकांवर नव्हता, पत्रकं टाकणाऱ्यांवर होता. शेवटपर्यंत एकच वाक्य असायचं, आम्हाला लढाई संपली म्हणून सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये घरी पत्र आलेलं, दिवाळीला येतो, वाड्याचं कौल तेवढं शाकारून घ्या. आले ते पुढच्या वर्षी, आणि पंगतीत त्यांच्या शेजारी बसायचा तो दोस्त आला नाही.