मदत हवी आहे: दादाच्या स्वरयंत्रावर रक्तवाहिन्यांची गाठ. लेझर की वाट पाहायची?

नमस्कार मंडळी. थोरला भाऊ, वय 46, कांद्याचा लिलाव पुकारतो. तंबाखू-विडी नाही, चहा मात्र मोजू नका. दिवाळीपासून आवाज बसलाय. पुकारून बसला असेल म्हणून ज्येष्ठमध, गुळण्या सगळं केलं. मग गिळताना काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं आणि एका सकाळी थुंकीत रक्ताची रेघ दिसली. वहिनींनी हाताला धरूनच नेलं.

दुर्बिणीत उजव्या स्वरतंतूच्या वरच्या घडीवर जांभळट, मऊ फुगवटा दिसला. पहिल्या ठिकाणी लगेच तुकडा काढून तपासायला निघाले होते. दुसरे डॉक्टर म्हणाले, याला चिमटा लावायचा नाही, रक्त थांबवताना नाकी नऊ येतील, आधी एमआरआय. रिपोर्टमध्ये कॅव्हर्नस हिमँजिओमा, म्हणजे रक्ताने भरलेल्या मोठ्या पोकळ्यांची गाठ, साधारण दीड सेंटिमीटर. कॅन्सर नाही म्हणतात, तरी आई जेवत नाहीये.

लेझर करावं का? लहान बाळांना प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाने अशी गाठ विरते असं वाचलं, दादाला चालेल का? कुणाच्या घरी झालंय का असं?

घशाचा डॉक्टर: दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. बाळांची गाठ वेगळी असते. ती बहुधा स्वरतंतूंच्या खाली असते, आधी वाढते, मग काही वर्षांत आपोआप ओसरते. प्रोप्रॅनोलॉलचा गुण 2008 मध्ये फ्रान्समध्ये योगायोगाने कळला, तोही बाळांमध्येच. मोठ्यांची गाठ बहुतेक वेळा स्वरतंतूंवर किंवा त्यांच्या वर असते, आपोआप विरत नाही. बऱ्याचदा तर ती शिरांची जन्मजात विकृतीच निघते. त्या गोळीवर भिस्त ठेवू नका.

लेझर म्हणजे एकच यंत्र नव्हे. कार्बन डायऑक्साइड लेझर बारीक वाहिन्या बंद करतो, पण मोठ्या पोकळ्यांतून रक्त आलं की अपुरा पडतो. एनडी-याग हा दुसरा लेझर खोलवर जातो. काही ठिकाणी गाठीत ब्लिओमायसिन या गाठ आक्रसवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतात. श्वासाला त्रास नसेल आणि गाठ वाढत नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. पण रक्त दिसलंय आणि पोट आवाजावर चालतं, तेव्हा मी फार दिवस थांबलो नसतो. अशा गाठी हाताळलेलं मोठं रुग्णालय गाठा.

आणि पुढेमागे हर्नियासारखं साधं ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञाला ही गाठ आधी सांगायची. श्वासाची नळी घालताना तिला धक्का लागू शकतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा तोंडभर रक्त आलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी.

सोनचाफा: माझ्या मामांची लेझरने काढली. नंतर काही दिवस सक्तीचं मौन. मामींनी पाटी-पेन्सिल आणून दिली, तर त्यावरसुद्धा भांडले.

धागाकर्ता: डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सोमवारी मुंबईला नेतोय. पाटीचं दादाला सांगितलं, तर विचारतोय, लिलाव पाटीवर कसा पुकारू?