‘आवाज’, अभिवेदन की गाऱ्हाणं?

शब्दवेडी : ऑस्ट्रेलियातल्या १४ ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतावरचा लेख मराठीत आणतेय. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, मंडळ राज्यघटनेत घालायचं होतं, नवं कलम १२९ म्हणून. नाव ‘व्हॉइस’. मी ‘आवाज’ लिहिलं, तर संपादक म्हणतात, आवाज म्हणजे गोंगाटही. शिवाय हे मंडळ संसदेला आणि सरकारला ‘रिप्रेझेंटेशन’ करणार. हे प्रतिनिधित्व नव्हे. मग काय?

जुना कारकून : अभिवेदन. सरकारी मराठीत हाच शब्द, मी तीस वर्षं लिहिला. आणि कलमातल्या इंग्रजी ‘मे’ (may) साठी ‘करू शकेल’ नको, ‘करता येईल’ लिहा. ‘शकेल’मध्ये ताकद येते, कायद्याला मुभा सांगायची असते.

नाशिककर : अभिवेदन कळतं कुणाला? आम्ही तहसीलदाराला निवेदन देतो. शिक्का मारून पोच मिळते, पुढचं साहेबांच्या मर्जीवर.

मेलबर्नहून : इथलं भांडण त्या ‘पुढचं’वरच होतं! विरोधक म्हणायचे, ‘सरकार’ हा शब्द घातला की निवेदन विचारात घेतलं नाही म्हणून लोक प्रत्येक निर्णयावर कोर्टात जातील. माजी न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांना वर्षानुवर्षं खटले दिसत होते. सॉलिसिटर जनरल स्टीफन डोनाह्यू यांचं मत उलट : मंडळाची रचना, अधिकार, कामकाज संसदच ठरवणार, लोकशाहीला बळकटीच. आधीचं मंडळ, एटीएसआयसी, नुसत्या कायद्याचं होतं. २००५मध्ये कायद्यानेच मोडलं. म्हणून घटनेचा आग्रह. मी ‘हो’ म्हटलं. साठ टक्के ‘नाही’ म्हणाले, सहाही राज्यांत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शब्दवेडी : मग सरळ ‘सल्लागार मंडळ’ लिहू?

डहाणूचा मास्तर : नको. आपल्या पाचव्या अनुसूचीतली जनजाती सल्लागार परिषद बघा. राज्यपाल जे सोपवतील त्यावर सल्ला देणं तिचं काम. सल्ला मागितल्यावर देतात. तिथल्या लोकांना न विचारता बोलायचं होतं. ‘आवाज’च ठेवा. आणि लेखात कुठे ‘वनवासी’ आलं असेल तर आधी ते काढा.

जुना कारकून : आवाज फारसी. ‘वाणी’ का नाही?

नाशिककर : वाणी आमच्याकडे किराणा विकतो. आवाज दाबतात, आवाज उठवतात. वाणी कोण दाबतं?

मेलबर्नहून : इंग्रजीत मोठ्या अक्षराने कळतं की ही संस्था आहे. देवनागरीत ती सोय नाही. अवतरणचिन्हं तरी हवीत.

मालवणी माणूस : ‘गाऱ्हाणं’ कुणालाच कसं सुचलं नाही? आमच्याकडे देवासमोर घालतात. एक जण बोलतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गावाच्या वतीने बोलणं हेच.

जुना कारकून : गाऱ्हाणं ‘गर्हणा’वरून आलं. म्हणजे निंदा, तक्रार. घटनेत चालणार नाही.

मालवणी माणूस : माझे आजोबा चाळीस वर्षं गाऱ्हाणं घालत होते. त्यात निंदा कधी ऐकली नाही. मागणं असायचं, आणि पुढच्या वर्षी काय फेडू त्याचं वचन.

डहाणूचा मास्तर : वारली पाड्यांवर भगत बोलतो त्याला काय म्हणतात, ते उद्या शाळेत मुलांना विचारतो.

शब्दवेडी : जरूर विचारा. लेख मला शुक्रवारी द्यायचाय.